अक्काचं कोपर

माझ्या मेंदूतल्या एका शिरेत रक्ताची गाठ अडकली होती. डॉक्टरांनी ती तारेनं ओढून काढली आणि मी पुन्हा बोलायला लागलो, खडू धरायला लागलो. त्याच दिवसापासून माझ्या मोठ्या बहिणीचा उजवा हात तिच्या तोंडापर्यंत जात नाही. हे असं एकापुढं एक सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, ह्याचा त्याच्याशी काय संबंध. डॉक्टरही म्हणतात, काही संबंध नाही. मी मान डोलावतो.

मी ताडकळसला राहतो आणि जवळच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. अक्का माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. तिला पालमच्या पुढं एका खेड्यात दिलेली. नवरा लवकर गेला; घरी मुलगा, सून आणि थोडं कोरडवाहू रान. त्या हिवाळ्यात मुलगी शिकायला बाहेरगावी होती आणि माझी बायको तिच्या आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मानवतला गेली होती. मला भाजी-भात करता येतो, पण अक्काला ते पटेना. "तू काय खाशील, मला ठाऊक हाय," म्हणत ती पिशवी घेऊन आली आणि आठवडाभर माझं घर सांभाळलं. तिकडं तिचा कापूस वेचायला आला होता. मुलाचा फोन आल्यावर ती निघाली.

सकाळी स्टँडवर बस लागेना. अक्का म्हणाली, "येईल की उशिरा. मी बसते." मी म्हणालो, "इथं थंडीत कशाला बसतीस? गाडीवर सोडतो. शाळेच्या आत परत येतो." ती मोटरसायकलवर मागं बसली, एका हातानं पिशवी मांडीवर धरली आणि दुसरा हात माझ्या खांद्यावर ठेवला.

गाव सुटलं. दोन्ही बाजूंना तूर उभी होती. थंडी बोचत होती म्हणून उजव्या हाताला मुंग्या आल्या असतील असं मला वाटलं. मग गाडीचा वेग आपोआप कमी झाला. पेट्रोल संपलं की काय, म्हणून मी मूठ पिळायला गेलो, तर मूठ हातात होती आणि हात माझा नव्हता. अक्का मागून म्हणाली, "भाऊ, गाडी खाली कुठं न्यायलास?" मी उत्तर दिलं. निदान मला तसं वाटलं. बाहेर नुसता घशातला आवाज आला.

गाडी रस्त्याच्या कडेनं हळूच उतरली आणि नालीत आडवी झाली. मी बाजूच्या रानात काळ्या मातीत पडलो. कानामागं धोंडा लागला. अक्का गाडीच्या अंगाला पडली. उजवा हात टेकवून तिनं स्वतःला सावरायला पाहिलं आणि सगळा भार त्या हातावर आला.

मी तिला पाहिलं. तिचा हात कोपरापाशी जिथं वाकायला नको तिथं वाकला होता. 'अक्का, तुझा हात' एवढंच मला म्हणायचं होतं. शब्द डोक्यात पुरे, स्वच्छ उभे होते. वर्गात मुलांना नद्यांची नावं सांगतो तसे. पण तोंडाकडं जायची वाटच बंद झाली होती.

ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

"काय व्हायलंय तुला? तोंड वाकडं झालंय रे. हात वर कर बरं. हा न्हाई, ह्यो. ह्यो उजवा."

मी डावाच वर केला.

मग तिनं जे केलं ते मी रोज पाहतो. डोळे मिटायचीही गरज पडत नाही. तिनं डाव्या हातानं आपला मोडलेला हात उचलला, पोटाशी धरला, त्याच्यावरून पदर गुंडाळून कमरेला खोचला आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

भाजीचे क्रेट घेऊन परभणीला निघालेला एक पिकअप थांबला. ड्रायव्हरशेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी खाली उतरून मला पाहिलं आणि म्हणाले, "वारं गेलंय बाई ह्यांच्या अंगावरून. दवाखान्यात काय करतेत? मागं एका गावात कबुतराच्या रक्तानं मालिश करतेत, तिकडं न्या. लय लोकं उठून बसलेत."

"माज्या सासऱ्याला तितंच नेलतं," अक्का म्हणाली. "मरूस्तोवर खाटंवर होते. म्याच काडली त्यांची घाण. माजा भाऊ मी तसा पडू देणार न्हाई. परभणीला चला, दादा. तुमच्या पाया पडते, पण आत्ता चला."

ते गृहस्थ वाईट नव्हते. त्यांनीच मला खांद्याला धरून मागं चढवलं. क्रेट सरकवून जागा केली. अक्का माझं डोकं मांडीवर घेऊन बसली. परभणीपर्यंतच्या रस्त्यात किती खड्डे आहेत हे मला कधी कळलं नव्हतं, ते त्या दिवशी तिच्या मांडीवरून कळलं. प्रत्येक खड्ड्याला तिचं अंग ताठ व्हायचं आणि ती वरून म्हणायची, "आलंच, भाऊ, आलंच."

परभणीत एका दवाखान्यात डोक्याचा फोटो निघाला. तरुण डॉक्टर होते. त्यांनी अक्काला समजावून सांगितलं की रक्तस्राव नाही, पण मेंदूच्या डाव्या बाजूला जाणारी मोठी शीर गाठीनं बंद झाली आहे. तिथला मेंदू अजून सगळा मेलेला नाही, उपाशी आहे. गाठ विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण डोक्याला मार लागलाय म्हणून ते द्यायला धजावत नाही. आणि एवढी मोठी गाठ त्यानं विरघळेल याचा भरवसाही नाही. "नांदेडला न्या. तिथं जांघेतून तार घालून गाठ ओढून काढतात. मी फोन करतो. पण वेळ घालवू नका."

त्याच वेळी एका नर्सबाईंनी अक्काला विचारलं, "मावशी, तुम्हाला लागलंय का हो कुठं?"

"न्हाई, न्हाई. खरचटलंय जरासं."

मी शेजारीच स्ट्रेचरवर होतो. सगळं ऐकत होतो. मी डावा हात उचलून अक्काच्या पदराकडं बोट दाखवलं. पुन्हा दाखवलं. घशातून आवाज काढला. नर्सबाई वाकून मायेनं म्हणाल्या, "आहेत हो, तुमच्या बहीण इथंच आहेत. घाबरू नका." अक्कानं माझा हात धरून खाली ठेवला. तिला कळलं होतं. तिनं माझ्याकडं रोखून पाहिलं, लहानपणी आम्ही दोघं चोरून काही खाताना पाहायची तसं, आणि मान हलवली. गप रहा.

हाडाचे डॉक्टर त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर बसत होते. हे मला पुष्कळ नंतर कळलं.

अॅम्ब्युलन्समध्ये ती माझ्या उजव्या बाजूला बसली. माझा निकामी हात तिनं तिच्या चांगल्या हातात धरला. मला तिचा हात दिसत होता, स्पर्श कळत नव्हता.

नांदेडच्या दवाखान्यात आम्ही पोचायच्या आधीच लोक तयार उभे होते. सही करायला माणूस एकटी अक्काच. तिनं डाव्या हातात पेन धरलं. तिथला माणूस म्हणाला, "अंगठा दिला तरी चालतंय, मावशी." अक्काला राग आला. "धावी शिकलेली हाय मी," म्हणत तिनं डाव्या हातानं वेडीवाकडी सही केली. ती उजव्या हातानं का करत नाही, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांची नजर माझ्यावर होती. असायलाच हवी होती, असं मीही म्हणतो.

आतलं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. थंड टेबल. जांघेत टोचलेली सुई. कुणीतरी सारखं सांगत होतं, "सर, हलू नका." मग डोक्याच्या एका बाजूला आतून ऊन ऊन पसरलं आणि मिटल्या डोळ्यांपुढं विजा चमकल्या. ते औषध शिरा पडद्यावर दिसाव्यात म्हणून सोडतात. पडदा मला दिसत नव्हता. डॉक्टरांनी नंतर चित्र दाखवलं: पावसाळ्यात एखादी नदी आणि तिच्या उपनद्या वरून दिसाव्यात तशा एका बाजूच्या शिरा, आणि दुसऱ्या बाजूला एक खोड मध्येच छाटल्यासारखं. पुढं काहीच नाही. नुसता पांढरा माळ.

गाठ चिवट निघाली. बारीक जाळी तिच्यात उघडायची, गाठ जाळीत रुतू द्यायची आणि हळूहळू मागं ओढायची, असं ते काम. पहिल्यांदा जाळी रिकामी आली. दुसऱ्यांदा नळीनं ओढून पाहिलं, तर थोडासा चुरा आला आणि गाठ होती तिथंच बसली. तेव्हा डॉक्टर हातमोजे काढून बाहेर आले. पुढचं अक्कानं मला सांगितलं नाही. डॉक्टरांनीच सांगितलं.

ते तिला म्हणाले, "गाठ हलत नाहीये. अजून एकदा ओढून बघता येईल. पण शीर फाटली तर आत रक्त होईल, आणि मग आमच्या हातात काही राहणार नाही. थांबलो तर जीव बहुतेक वाचेल. पण वाचा आणि उजवी बाजू जाईल."

अक्कानं भिंतीला पाठ टेकली. मग तिनं विचारलं, "तुमचा भाऊ असता तर?"

"ओढली असती."

"मग ओढा. तो मास्तर हाय. बोलल्याबगर तो कसा जगंल?"

डॉक्टर मला म्हणाले, "तुमच्या बहिणीच्या कपाळावर घाम होता. मला वाटलं, भीतीचा."

त्या खेपेला जाळी आणि नळी दोन्ही एकदम लावली आणि गाठ आली. नंतर त्यांनी ती मला पांढऱ्या कापडावर दाखवली. गांडुळाच्या तुकड्याएवढी, काळपट लाल, एका टोकाला पांढुरकी आणि रबरासारखी घट्ट. एवढीशी. माझं हृदय मधूनच वेडेवाकडे ठोके टाकत होतं, त्यात ती तयार झाली असावी असं ते म्हणाले. मला कधी जाणवलं नव्हतं.

टेबलावरच माझा उजवा अंगठा हलला. बाहेर आणल्यावर डॉक्टरांनी नाव विचारलं आणि मी सांगितलं. जड जिभेनं, पण सांगितलं. अक्का पायाशी उभी होती. सबंध दिवस मी एकच गोष्ट म्हणायला धडपडत होतो. आता वाट मोकळी झाली होती. मी अक्काकडं पाहिलं आणि विचारलं, "गाडी कुठाय?"

ती हसली आणि रडली. "पडलीय नालीत. पडू दे तिकडंच."

तिच्या हाताबद्दलचं वाक्य माझ्या डोक्यातून गेलं होतं. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, त्यानंतरही ते परत आलं नाही. डॉक्टर सांगतात, अशा वेळच्या आठवणी विसकटतात, त्यात तुमचा काही दोष नाही. ते बरोबरच असेल. पण गाडी आठवली होती.

संध्याकाळी बायको मानवतहून धावत आली. तिनं अक्काचा सुजलेला हात पाहिला. अक्का म्हणाली, मुरगळलाय. कुणीतरी गळ्यात पट्टा अडकवून दिला, दुखायची गोळी दिली, फोटो काढून घ्या असं सांगितलं. अक्का म्हणाली, उद्या. उद्या मी उठून बसलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी चाललो, आणि त्या आनंदात तो उद्या राहून गेला. मग तिचा मुलगा आला आणि तिला घेऊन गेला. कापूस वेचायचा राहिला होता.

गावी गेल्यावर शेजारच्या बाया म्हणाल्या, हाडाच्या डॉक्टरकडं गेलीस तर तो चिरफाड करील. तिकडं एक माणूस आहे, हाडं बसवतो. अक्का गेली. त्यानं बांबूच्या कामट्या लावून हात बांधला, आणि सोडल्यावर रोज गरम तेलानं चोळायला लावलं. माझ्यासाठी जिनं भर रस्त्यात त्या म्हाताऱ्या गृहस्थांचं ऐकलं नाही, तिनं स्वतःसाठी तेच ऐकलं. माझ्यासाठी रस्त्यात उभं राहायला ती होती. तिच्यासाठी कुणी उभं नव्हतं. मी त्या वेळी घरी गादीवर बसून रबरी चेंडू दाबत होतो. येणारे-जाणारे म्हणत होते, "मास्तर, नशीब थोर तुमचं."

महिन्याभरानं मी तिला भेटायला गेलो. आता बसनं. अक्कानं चहा आणला, डाव्या हातात कप, उजवा हात पोटापाशी वाकवून धरलेला. मी म्हणालो, "हात सरळ कर की." ती म्हणाली, "होत न्हाई. होईल हळूहळू." आणि तेव्हा सगळं परत आलं. नाली, तूर, कमरेला खोचलेला पदर, नर्सबाईंचा वाकलेला चेहरा. कप माझ्या उजव्या हातात होता. तो मी खाली ठेवला.

"अक्का, मला त्या दिवशी दिसला होता तुझा हात."

"मला ठाऊक हाय."

"मग बोलली का नाहीस तू?"

"बोलले असते तर मला वर नेलं असतं, तुला खाली ठेवलं असतं. सही कुणी केली असती? चहा पी."

मी आणि बायको तिला नांदेडला घेऊन गेलो. हाडाच्या डॉक्टरांनी फोटो दिव्यावर धरला. मग विचारलं, "मालिश केली?" अक्का म्हणाली, केली, रोज. ते म्हणाले, "कोपराला मालिश करायची नसते, मावशी. आत नको तिथं हाड धरतं." माझ्या बायकोनं विचारलं, "पहिल्याच दिवशी दाखवलं असतं तर?" डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना आमची हकिगत माहीत नव्हती. सहज म्हणाले, "तर काहीच अवघड नव्हतं. बसवून प्लास्टर घातलं असतं."

पुढं उन्हाळ्यात ऑपरेशन झालं. जास्तीचं हाड काढलं. व्यायाम शिकवले. अक्कानं ते नेटानं केले, मी फोन करून विचारायचो, तर ओरडायची, "रोज रोज काय फोन लावायलास? कामं न्हाईत का तुला?" हात पुष्कळ सुटला. आता ती वेणी घालते, केस खांद्यावरून पुढं घेऊन. पाण्याची कळशी धरते. पण हात हनुवटीच्या खाली येऊन थांबतो. डॉक्टर म्हणाले, ह्याच्यापुढं जाईल असं वाटत नाही. त्यामुळं ती डाव्या हातानं जेवते.

घरी कुणाला त्याचं काही नाही. पण लग्नकार्यात पंगतीत बसली की शेजारच्या बाया बघतात. एकदा पालमला एका बारशात एका म्हातारीनं सगळ्यांदेखत विचारलं, "डावखुरी हाईस का गं? घरच्यांनी मोडली न्हाई सवय?" तेव्हापासून अक्का पंगतीत बसत नाही. वाढायला पुढं असते, आणि सगळं उरकलं की आत कुठंतरी जेवते. तिच्या सुनेनं मला हे सांगितलं. अक्कानं नाही.

मध्ये आमच्या शाळेत माझी गाठ काढणाऱ्या डॉक्टरांना बोलावलं होतं, लोकांना ह्या आजाराची माहिती द्यायला. मला उदाहरण म्हणून उभं केलं. शाल, नारळ. डॉक्टर म्हणाले, "सर, उजवा हात वर करून दाखवा." मी केला. टाळ्या पडल्या. वेळेवर आणलं म्हणून हे वाचले, असं त्यांनी सांगितलं आणि तोंड वाकडं होणं, हात न उचलणं, वाचा जाणं ह्या खुणा मुलांकडून म्हणवून घेतल्या. मला माइक दिला तेव्हा मी बहिणीचं नाव घेतलं. तिच्या हाताचं सांगायला लागलो, तर कुणाला काही उमगेना. कार्यक्रमात ते बसत नव्हतं. मुख्याध्यापकांनी हळूच घड्याळाकडं पाहिलं आणि मी आभार मानून खाली बसलो.

ह्या वर्षी माझ्या मुलीचा साखरपुडा झाला. अंगणात मांडव, पंगती. शेवटची पंगत उठल्यावर मी अक्काला शोधत आत गेलो. स्वयंपाकघरात, गॅसच्या ओट्याखाली भिंतीला पाठ लावून ती ताट घेऊन बसली होती. मीही ताट वाढून घेतलं आणि तिच्याशेजारी बसलो. काही ठरवून नव्हे, पण मी डाव्या हातानं वरणभाताला हात घातला.

अक्काचा घास तिथंच थांबला.

"काय करायलास?"

"काही नाही. जेवायलोय."

"उजव्या हातानं जेव."

"असू दे की, अक्का."

"असू दे काय असू दे?" ती एवढ्या मोठ्यानं बोलली की दारातून माझी बायको डोकावली. "तुजा हात चालावा म्हणून मी त्या डॉक्टरला म्हणले, ओढा. मेला असतास तू. माज्या सांगण्यानं मेला असतास. त्या दारात मी कशी बसले ते माजं मला ठाऊक. आन तू डाव्या हातानं खायचं नाटक करायलास माज्यापुढं?"

मला तोवर कधी सुचलंच नव्हतं की त्या दारापाशी तिच्या हाताचं दुखणं तिला आठवतही नसेल. मी इतके दिवस तिच्या कोपराचं ओझं वाहत होतो. ती दुसरंच काही घेऊन बसली होती, आणि तेही मी कधी विचारलं नव्हतं.

"चुकलं," मी म्हणालो.

"चुकलं बिकलं न्हाई. हात धू."

मी उठून हात धुतले आणि परत येऊन उजव्या हातानं कालवायला लागलो. बोटं अजून जराशी जड आहेत. भात कधीकधी निसटतो. पहिला घास तोंडात जाईपर्यंत अक्का बघत राहिली. मग तिनं ताट माझ्याकडं सरकवलं.

"भाजी वाढ मला. वांग्याची. मिरची बाजूला काड."

मी मिरची काढून भाजी वाढली. ती डाव्या हातानं भराभर जेवत होती. तिला बाहेरची भांडी मोजून घ्यायची होती.